दोन तास काय करतेस?

प्रूफताईंना चक्कर आली ती छापखान्याच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर. हातात कुठल्याशा कारखान्याच्या वार्षिक अहवालाची तपासायला घेतलेली प्रुफं होती. ताईंनी कठडा धरला, पण प्रुफं सोडली नाहीत. सव्वीस वर्षांची सवय. मालक खालून धावत आले, त्यांनी ताईंना पायरीवर बसवलं आणि पानांचा गठ्ठा त्यांच्या मुठीतून अक्षरशः सोडवून घेतला.

"ताई, सकाळपासून काही खाल्लंय का?"

"चहा झालाय."

"अहो, बारा वाजलेत!"

मालकांनी घरी फोन लावला. अर्ध्या तासात ताईंचे यजमान हजर झाले, तेही चालत, आणि धापसुद्धा न लागता. पासष्टीला टेकलेला माणूस, पण पोट सपाट, पाठ ताठ, चेहऱ्यावर तुकतुकी. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी त्यांचं नाव तब्येतराव ठेवलं होतं आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांची कथा सगळ्या बागेला तोंडपाठ होती. वीज कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याच वर्षी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी दम दिला. तब्येतराव घाबरले आणि हात धुऊन तब्येतीच्या मागे लागले. पहाटे पाचला उठणं, कोमट पाणी, भिजवलेले बदाम, भाज्यांचा रस, बागेत चालणं, श्वासाचे व्यायाम, आल्यावर मोड आलेली कडधान्यं, उकडलेल्या भाज्या, दुपारी सूप, आठवड्यातून दोनदा कोमट तेलाचं मालीश. सात वर्षांत एक दिवस चुकला नाही. साखर खाली आली, वजन उतरलं, गुडघे कुरकुरायचे थांबले. खोटं काहीच नव्हतं त्यात. फरक पडला होता, आणि तो डोळ्यांना दिसत होता.

ते ताईंना तडक दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि तब्येतराव त्यांचे लाडके पेशंट होते. त्यांनी ताईंच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिलं. पुन्हा फुगवला.

"काकू, वरचं एकशे ऐंशीच्या घरात आहे. काय चाललंय हे?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत तब्येतराव बोलले. "मी सांगून थकलो, डॉक्टर. फिरायला चल म्हणतो, वेळेवर खा म्हणतो, लवकर झोप म्हणतो. या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते. इच्छाशक्तीच नाही हिच्याकडे."

"काकू, घरात एवढं चालतंबोलतं उदाहरण असताना तुमची ही अवस्था? काकांकडून शिका जरा."

ताईंचे कान तापले. काय शिकायचं होतं? बदाम कसे खायचे ते? पण समोर दोन जण मान हलवत होते, डोकं गरगरत होतं, आणि असल्या वेळी माणसाला नेमकं काय म्हणायचंय ते सुचत नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली. रोज एक गोळी, मीठ कमी, सात तास झोप, सकाळी पाऊण तास चालणं, आठच्या आत पोटभर नाश्ता.

रस्त्यात तब्येतरावांनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि घडी करून ताईंच्या हातात दिली.

"यात अवघड काय आहे सांग. उठतेस तर तू माझ्याही आधी. मी पाचला उठतो, सातला बागेतून परत येतो. हे मधले दोन तास काय करतेस?"

त्यांनी हे चिडून विचारलं नव्हतं. कुत्सितपणेही नाही. अगदी भोळेपणाने विचारलं होतं, जसं एखादा पाहुणा विचारतो, हे दार कुठे उघडतं म्हणून. ताई चालता चालता थांबल्या. सात वर्षं! सात वर्षं त्या साडेचारला उठत होत्या. पाणी कोमट करून थर्मासमध्ये भरायचं, कारण उकळतं चालत नाही आणि गार तर मुळीच नाही. बदाम सोलायचे. गाजर, काकडी, पालक धुऊन, चिरून, मिक्सरला लावून फडक्यातून गाळायचं, कारण गाळणीतून चोथा येतो. फडकं लगेच धुवायचं, नाहीतर वास मारतं. त्यांच्या फिरायच्या कपड्यांवरून इस्त्री. ते गेले की कडधान्यं उपसून दुसरी भिजत घालायची, भाज्या वाफवायला ठेवायच्या, सुपाची तयारी करून ठेवायची, कारण दुपारी ताई छापखान्यात. व्यायामाची सतरंजी झटकायची. मग मिक्सरची भांडी. मग घरचा बाकीचा स्वयंपाक, कारण ताईंना उकडलेल्या भाज्यांवर दिवस निघत नव्हता. साडेआठची बस.

"सांग ना," तब्येतराव म्हणाले.

"घरी चला," ताई म्हणाल्या. आणि त्या रागाने पुढे चालू लागल्या.

आठच दिवसांनी मालकांनी ताईंच्या टेबलावर एक हस्तलिखित आणून ठेवलं. बागेतल्या मंडळींनी ठरवलं होतं की तब्येतरावांच्या पासष्टीला त्यांच्या दिनचर्येची पुस्तिका काढायची. नाव होतं 'संतुलित जीवन माझ्या हाती'. छापायची कुठे? घरच्याच छापखान्यात. प्रुफं कोण बघणार? घरचंच माणूस. यात विचारण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

मजकूर जुळून प्रुफं हातात आली. ताईंनी चष्मा पुसला, ओळीखाली फूटपट्टी धरली आणि वाचायला सुरुवात केली.

'सकाळी उठताच तयार ठेवलेले कोमट पाणी प्यावे. भिजवून सोललेले सात बदाम सावकाश चावून खावेत. ताज्या, गाळलेल्या रसाचा एक पेला त्यावर घ्यावा. स्वच्छ, इस्त्री केलेले सुती कपडे घालून बाहेर पडावे. परत आल्यावर वाफवलेल्या भाज्या गरम असतानाच खाव्यात. खाताना मन शांत असावे. घरात भांड्यांचे आवाज होऊ नयेत.'

काना-मात्रा बरोबर होत्या. एका ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी चुकली होती, ती ताईंनी सुधारली. मग त्या पुन्हा वरून वाचू लागल्या. भिजवून सोललेले. गाळलेल्या. इस्त्री केलेले. वाफवलेल्या. सगळं आपोआप झालेलं होतं. बदाम जणू झाडावरूनच सोलून खाली पडत होते. ताईंचा धंदा गाळलेलं शोधायचा. ओळ गळली, शब्द गळला, वाक्यातला कर्ता गळला, तर समासात खूण करून लेखकाला विचारायचं, हा नियम. त्यांनी लाल पेन उचललं आणि 'तयार ठेवलेले' या शब्दांवर खूण करून समासात लिहिलं, 'कोणी?'

पुढे 'सोललेले'वर खूण. 'कोणी?' 'गाळलेल्या'वर. 'कोणी?' अठ्ठेचाळीस पानांत सदतीस ठिकाणी 'कोणी?' झालं. शेवटच्या प्रकरणाचं नाव 'स्वावलंबन' होतं. 'गेली सात वर्षे माझी ही दिनचर्या कोणावरही अवलंबून नाही,' असं वाक्य आलं, तिथे पेन इतकं रुतलं की कागद फाटला.

मालकांनी प्रुफं चाळली. मग ताईंकडे पाहिलं. मग पुन्हा प्रुफं चाळली.

"ताई, ही घरची भांडणं..."

"यात भांडण कुठे आहे, मालक? एक वेलांटी सोडली तर मी एक अक्षर बदललेलं नाही. शंका विचारल्यात. त्या पाठ्यपुस्तकवाल्यांना मी दीडशे शंका काढल्या होत्या, तेव्हा तुम्हीच म्हणालात, ताई आहेत म्हणून आपली अब्रू राहते."

"ते झालं. पण हे तुमचे यजमान."

"इथे ते लेखक आहेत. नियमाप्रमाणे प्रुफं लेखकाकडे जाऊ द्या."

मालकांनी कानामागे पेन्सिल खोचली. मग त्यांनी प्रुफं पाकिटात घातली, पाकिटावर तब्येतरावांचं नाव लिहिलं, आणि ते पाकीट ताईंच्या हाती न देता स्वतः घरी पोचतं केलं. माणूस भित्रा होता, पण सरळ होता.

ताई संध्याकाळी घरी आल्या तेव्हा प्रुफं जेवणाच्या टेबलावर पसरली होती.

"हा काय चावटपणा आहे?" तब्येतराव म्हणाले. "तुला चुका काढायला दिलं होतं की माझी उलटतपासणी घ्यायला?"

"चुकाच काढल्यात."

"एवढंसं पाणी गरम करायचं, त्याचा केवढा बाऊ! घरात बायका करतातच की. मी काय जगावेगळं मागितलं?"

"काहीच नाही. पण मग तसं लिहा ना. लिहा, की माझी बायको साडेचारला उठते. ते सोडून तुम्ही लिहिलंय, मी कोणावर अवलंबून नाही."

"अगं, तो लिहिण्याचा एक प्रकार असतो!"

"मी सव्वीस वर्षं लिहिण्याचे प्रकारच बघतेय."

तब्येतराव खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला दिसत होता, आणि तेच ताईंना सहन होईना. "तू कधी बोललीच नाहीस," ते म्हणाले. "त्रास होत होता तर सांगायचंस."

"कधी सांगायचं? सकाळी तुमचं मौन. जेवताना तुमचं मन शांत. नऊला तुमचा दिवा बंद. आणि डॉक्टरांकडे मी सांगणार होते, तर तुम्हीच सांगून टाकलंत, की मला इच्छाशक्ती नाही. अहो, माझ्या इच्छाशक्तीवर तुमची साखर उतरलीय!"

"आवाज खाली कर."

"नाही करणार. आणि उद्यापासून मी पाच वाजता चालायला जाणार आहे. चिठ्ठीत लिहिलंय तसं. एवढंसंच पाणी आहे ना? तुम्ही गरम करा."

दुसऱ्या दिवशी ताई खरंच गेल्या. बागेत नाही, बाग तब्येतरावांची. त्या नदीकडच्या रस्त्याने गेल्या, दुतर्फा झाडं आणि मोटारी नाहीत अशा. पहिल्या दिवशी पाय जड झाले, पोटऱ्या भरून आल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मन घरात अडकलं. बदाम भिजत घातले नव्हते. आता ते काय करतील? मग त्यांना स्वतःचाच राग आला. पेन्शन घेणारा, एके काळी चाळीस माणसांची कचेरी चालवलेला गृहस्थ, तो बदामावाचून काय करेल याची काळजी आपण का करतोय?

घरी परतल्या तर ओट्यावर गाजराचा सडा आणि भिंतीवर नारिंगी शिंतोडे. झाकण न लावता मिक्सर सुरू झाला होता. तब्येतराव स्वयंपाकघरात बिस्किटं खात उभे होते.

"झाकण बसत नाही त्याचं," ते म्हणाले.

"फिरवून दाबायचं," ताई म्हणाल्या आणि आंघोळीला गेल्या. शिंतोडे त्यांनी पुसले नाहीत. न पुसता राहणं फार जड गेलं, पण नाही पुसले.

तिसऱ्या दिवशी रस बंद झाला. पाचव्या दिवशी कडधान्यांना वास आला. तब्येतराव बागेत उशिरा जाऊ लागले आणि कोणी विचारलं तर सांगू लागले, "घरी हिची तब्येत बरी नसते ना, सगळं मलाच बघावं लागतं." हे ताईंना कळलं ते नदीच्या रस्त्यावर भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंकडून. त्या बाईंनी हळहळत ताईंचा हात दाबला. "नशीबवान आहात हो. एवढं करणारा नवरा मिळायला पुण्य लागतं." ताईंच्या तोंडात शब्द आले ते छापण्यासारखे नव्हते. त्या उरलेला रस्ता इतक्या भरभर चालल्या की पाऊण तासाचं अंतर अर्ध्या तासात संपलं.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टा बांधला. एकशे चाळीस. त्या खूश झाल्या. "बघा काकू! शेवटी काकांनी मनावर घेतलं ना तुमचं?"

"काकांनी नाही," ताई म्हणाल्या. "मी त्यांचं करणं कमी केलं. तुमच्या चिठ्ठीत तेवढं लिहायचं राहिलं होतं. पुढच्या बाईला लिहून देत जा."

डॉक्टरीणबाई हसायच्या बेतात होत्या, पण ताईंचा चेहरा बघून थांबल्या. "म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं, साडेचारपासून साडेआठपर्यंत, एकेक करून. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी त्यांनी ऐकून घेतलं. "मी हे विचारायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. ताईंना ते पुरलं नाही, पण निदान कोणीतरी म्हणालं.

दरम्यान तब्येतरावांनी प्रुफांतल्या एकाही शंकेला उत्तर दिलं नाही. त्यांनी हस्तलिखित उचललं आणि दुसऱ्या छापखान्यात दिलं. ताईंना ते मालकांकडून कळलं. मालक म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक गेलं," आणि कधी नव्हे ते त्यांनी स्वतः जाऊन ताईंसाठी फळं आणली, दुपारी खायला.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरीला. "आई, जा गं. नाही गेलीस तर बाबांना किती वाईट वाटेल."

"आणि मला?"

"तुला काय झालंय आता? बरं आहे ना सगळं?"

"तुलाही दिसत नाही, बाई," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण त्या गेल्या. रागावून घरी बसलं की लोकांना वाटतं तब्येत बिघडली, आणि ते त्यांना होऊ द्यायचं नव्हतं.

बागेजवळच्या वाचनालयाच्या खोलीत साठेक माणसं जमली होती. व्यासपीठावर तब्येतराव, शेजारी कोणी अध्यक्ष. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या. हातात पुस्तिका पडली. मुखपृष्ठावर उगवता सूर्य. त्यांनी पहिलं पान उलटलं. तिथे एकच ओळ होती. 'जिच्या मूक साथीशिवाय हे शक्य नव्हते त्या माझ्या पत्नीस.'

मूक! ताईंनी तो शब्द तीनदा वाचला. सदतीस वेळा विचारलं होतं त्यांनी, लाल शाईत. आणि त्यावर याने लिहिलं, मूक. मी बोललेच नसते तर निदान ते खरं तरी झालं असतं. शेजारच्या बाई ओळ वाचून म्हणाल्या, "अय्या, किती छान!" ताईंनी पुस्तिका मिटून मांडीवर उलटी ठेवली.

भाषणं झाली. तब्येतराव चांगलं बोलले, ते बोलायचेच चांगलं. मग अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही शंका? मागच्या रांगेतून एक तरुण बाई उठली. कडेवर मूल, खांद्याला कचेरीची पिशवी.

"काका, हे सगळं मला करायचंय. मला खरंच बरं वाटत नाही हल्ली. पण साडेआठला मला निघावं लागतं. रस, भाज्या, बदाम, सूप, हे सगळं तुम्ही सकाळी कसं बसवता? तुम्ही किती वाजता सुरू करता?"

तब्येतरावांची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली आणि लगेच वळली. "त्याचं काय आहे," ते म्हणाले, "इच्छाशक्ती असली ना, की वेळ आपोआप निघतो."

त्या बाईची मान खाली गेली. तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती बसू लागली, जणू चूक तिचीच होती. ताईंनी ती मान पाहिली आणि त्या उभ्या राहिल्या.

"बाई, खाली बघू नका," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा आला. "मी यांची बायको. ते पाचला उठायचे, आणि मी साडेचारला. हे सगळं मी करत होते, सात वर्षं, नोकरी सांभाळून. त्यात माझा रक्तदाब एकशे ऐंशी झाला. म्हणून मी ते सोडलं. पुस्तकात हे नाही, कारण मी विचारलेलं यांनी छापलं नाही. तुमच्यात काही कमी नाही. एका माणसाचं हे काम नाहीच. घरी कोण आहे त्याला अर्धं करायला लावा, आणि मग फिरायला जा."

कोणीतरी खाकरलं. मागून एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, "बरोब्बर!" आणि चारपाच बायका हसल्या. पुरुष आपापल्या पुस्तिका चाळू लागले. अध्यक्षांनी घाईघाईने आभाराला सुरुवात केली. तब्येतराव लाल झाले होते. ताई सरळ चालत बाहेर पडल्या. फाटकाशी ती तरुण बाई धावत आली. ती थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालली.

तब्येतराव आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ताई नाश्त्याला बसल्या होत्या, तेव्हा ते समोर येऊन उभे राहिले.

"चारचौघांत बोलायची काय गरज होती?"

"घरात बोलले, तर तुम्ही छापखाना बदललात."

तब्येतराव वळून स्वयंपाकघरात गेले. तिथून डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले. "अगं, मूग किती वेळ भिजवायचे?" त्यांनी आतून विचारलं.

"सकाळी घाला, संध्याकाळी उपसा," ताई म्हणाल्या. जागच्या उठल्या मात्र नाहीत. पावणेआठ झाले होते, आणि समोरच्या ताटलीत अजून अर्धा नाश्ता शिल्लक होता.